कलहारीतल्या तंबूत राहायचं असेल तर ऑगस्ट सोडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचं जोडपं, ताई 58 वर्षांच्या, यजमान 63. निवृत्तीनंतरची मोठी सहल म्हणून बोत्स्वाना ठरवलंय. ऑगस्टमध्ये आधी ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशात चार रात्री, मग सेंट्रल कलहारी गेम रिझर्व्हमधल्या तंबूच्या कॅम्पवर दोन रात्री. शंका अशा: कॅम्पला कुंपण नसतं हे खरं का? बादलीची आंघोळ म्हणजे नेमकं काय? दोघंही शाकाहारी, तर जेवायचं काय? यजमानांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय, चालेल ना? आणि एवढे पैसे घालून जावं असं तिथे आहे तरी काय?

ताई, गेली चौदा वर्षं मी सहा-आठ जणांचे गट घेऊन त्या भागात जाते. तुमचा बेत चांगला आहे, फक्त त्यात दोन गोष्टी उलट्या झाल्यात. एक महिना, दुसरा क्रम.

आधी महिन्याचं बोलू. ऑगस्ट ओकावांगोसाठी उत्तम. अंगोलात पडलेला पाऊस कित्येक आठवडे वाहत वाहत तिथे पोचतो तो ऐन कोरड्या दिवसांत, आणि आसपासचं सगळं वाळलेलं असल्यामुळे जनावरं पाण्यावर जमतात. एजंट मंडळी हाच हिशेब कलहारीला लावून मोकळी होतात. पण तिथे जमायला पाणीच कुठे आहे? 52,800 चौरस किलोमीटरचं रिझर्व्ह, म्हणजे महाराष्ट्राचा जवळजवळ सहावा हिस्सा, आणि त्यात एकही बारमाही नदी नाही. बोअरवेलवर चालणारे मोजके पाणवठे, बस. कोरड्या दिवसांत हरणं जिथे कंदमुळं आणि रानटी कलिंगडं मिळतील तिकडे पांगतात. ऑगस्टमध्ये गेलात तर धुळीचा वारा, गोठवणारी पहाट आणि तासन्‌तास रिकामं पिवळं गवत, असा प्रकार होऊ शकतो. मी एकदा असा गट नेलाय. तीन दिवसांत एकच सिंहीण दिसली, तीही झोपलेली.

कलहारीला जायचं ते पाऊस झाल्यावर. रिझर्व्हच्या उत्तर भागात फार जुन्या, मेलेल्या नद्यांची पात्रं आहेत. डिसेप्शन व्हॅली त्यातली सर्वांत नावाजलेली. पाणी हजारो वर्षांपूर्वी आटलं, पण पात्रात बारीक चिकण माती राहिली, भोवतालच्या वाळूपेक्षा कितीतरी कसदार. डिसेंबर-जानेवारीत चार सरी पडल्या की तिथे आखूड, गोड गवत उगवतं. मग स्प्रिंगबॉक आणि गेम्सबॉक ही हरणं शेकड्यांनी त्या पात्रांत उतरतात, तिथेच पाडसं होतात, आणि त्यांच्या मागोमाग चित्ते आणि सिंह येतात. तळं नसलेल्या मुलुखात गवतच पाणवठ्याचं काम करतं. हे ध्यानात आलं की महिना आपोआप ठरतो.

आता याची दुसरी बाजू. तीच चिकण माती पावसात आपल्या काळ्या रानासारखी होते. एका फेब्रुवारीत आमची गाडी कॅम्पपासून नऊ किलोमीटरवर अशी रुतली की चारही चाकं नुसती गरगरत होती. गाइडनं जॅक लावायला घेतला तर जॅकच खाली जायला लागला. मग जॅकखाली फळी, चाकांखाली तोडलेल्या काटेरी फांद्या, आणि आमच्या गटातले एक निवृत्त शाखा अभियंता चिखलात गुडघे टेकून सूचना देतायत. अडीच तास गेले. त्या वेळात आम्ही बाकीच्यांनी आळीपाळीनं चारी दिशांना पहारा दिला, कारण तासाभरापूर्वीच त्याच पट्ट्यात सिंह बघितले होते. हे ज्याला साहस वाटेल त्यानं फेब्रुवारी घ्यावा. तुमच्यासाठी मी मार्चअखेर ते एप्रिलचा मध्य सुचवेन. पावसाचा जोर ओसरलेला असतो, गवत अजून हिरवं असतं, हरणं पात्रातच असतात, ऊन सोसवतं, आणि बहुतेक कॅम्पचे दरही ऑगस्टपेक्षा उतरलेले असतात. त्या दिवसांत ओकावांगोत गवत उंच असतं, जनावर शोधायला जास्त फिरावं लागतं. ते मान्य करूनच जा.

क्रमाचं म्हणाल तर कलहारी आधी, ओकावांगो नंतर. ओकावांगोत हत्ती, पाणघोडे, मगरी, रानकुत्री असा सगळा मेळा बघून कलहारीत उतरलेला माणूस पहिल्या तासाला विचारतो, ‘इथे काय आहे?’ उलट क्रमानं गेलात तर कलहारीत डोळा बारीक गोष्टींवर बसतो. आणि दोन रात्रींच्या तीन करा. पहिला दिवस विमानात आणि सामान लावण्यात जातो, शेवटच्या सकाळी निघायची घाई. मधला एक अख्खा दिवस हाताशी नसेल तर जाऊ नका, हे मी अगदी स्पष्ट सांगते.

मग तिथे आहे काय? वाळूच्या टेकड्या आणि उंट डोक्यातून काढून टाका. वर्षाला 350 ते 400 मिलिमीटर पाऊस पडतो. माणदेशातला माणूस म्हणेल, याला वाळवंट कशाला म्हणता? गवत, झुडपं, बाभळीच्या जातीची काटेरी झाडं, क्षितिजापर्यंत सपाट. पडलेलं पाणी वाळू पिऊन टाकते आणि वर काही ठेवत नाही, म्हणून ते वाळवंट. इथलं प्रत्येक जनावर या एका अडचणीवर काहीतरी तोड काढून बसलेलं आहे. गेम्सबॉकचंच बघा. उन्हात तो आपल्या अंगाचं तापमान 45 अंशांपर्यंत चढू देतो, घाम गाळून पाणी वाया घालवत नाही. मेंदूला तो ताप बाधू नये म्हणून मेंदूकडे जाणारं रक्त आधी बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून जातं आणि नाकातून परतणाऱ्या गार रक्तामुळे थंड होतं. हे माहीत असेल तर भर दुपारी उघड्या रानात निवांत उभा असलेला गेम्सबॉक बघायला वेगळीच मजा येते.

आणि कोरी बस्टर्ड! आपल्या माळढोकाचा आफ्रिकेतला भाऊबंद. नर अठरा-अठरा किलोंचा होतो. नान्नजच्या माळावर माळढोक बघायला जाऊन हात हलवत परतलेली पुष्कळ माणसं आहेत. मी त्यांतलीच, तीनदा. कलहारीत पहिल्याच सकाळी रस्त्याच्या कडेला पाच कोरी टेचात चालताना दिसले, तेव्हा मला आनंद झाला की वाईट वाटलं, हे आजही सांगता येणार नाही. माझ्या गटातल्या सोलापूरकरांना मी मुद्दाम त्या बाजूची खिडकी देते.

सिंह दिसतील, तिथल्या नरांची काळी आयाळ प्रसिद्धच आहे. मोठ्या कानांचे खोकड, हनी बॅजर, तपकिरी तरस नशिबात असेल तर. हत्ती क्वचित. गेंडा बघायचा असेल तर दुसरीकडे जा. बोत्स्वानाच्या सरकारी उद्यानांत आणि रिझर्व्हमध्ये रात्री गाडी फिरवायला आणि रस्ता सोडून रानात घालायला बंदी आहे. त्यामुळे सूर्य बुडायच्या आत कॅम्पवर. खासगी राखीव क्षेत्रांतले रात्रीचे व्हिडिओ बघून कोणी काही सांगितलं असेल तर ते इथे धरू नका.

आता कुंपण. नाही, हे खरं आहे. तंबू लाकडी ओट्यावर किंवा सरळ वाळूवर, एकमेकांपासून चाळीस-पन्नास पावलांवर, आणि मध्ये काहीच नाही. अंधार पडला की तंबूतून जेवणाच्या जागी आणि तिथून परत एकट्यानं जायचं नाही, सोबतीला कॅम्पचा माणूस येतो. रात्री झिप लावली की सकाळी चहाची हाक येईपर्यंत बाहेर पाऊल टाकायचं नाही. फोटोसाठी नाही, चांदण्या बघायला नाही, शेजारच्या तंबूतून मैत्रिणीनं हाक मारली तरी नाही. मदत हवी असेल तर तंबूत भोंगा ठेवलेला असतो. तंबूचं कापड सिंहाला भिंतीसारखं वाटतं. आत माणूस आहे हे कळूनही ते फाडून आत यायच्या भानगडीत तो सहसा पडत नाही. अपघात होतात ते माणसं नियम मोडून बाहेर येतात तेव्हा.

एक रात्र सांगते. अडीचचा सुमार. मला जाग आली ती चपळ, ओल्या अशा आवाजानं, मांजर ताटलीतलं दूध पितं तसा, पण कितीतरी मोठा. तंबूच्या मागे न्हाणीत बादलीखाली लाकडी फळ्या होत्या, त्यांच्या खाचांत संध्याकाळच्या आंघोळीचं पाणी राहिलं होतं. माझ्या उशीपासून दोन मीटरवर सिंह ते साबणाचं पाणी चाटत होता. मध्येच थांबायचा, श्वास सोडायचा, परत सुरू. वीस मिनिटं असावीत. मी घड्याळाकडे हात नेला नाही. सकाळी गाइड मांडी घालून ठशाशी बसला. माझा हात त्यानं ठशाशेजारी ठेवायला लावला. पंजा मोठा होता. मग बोटानं दाखवलं: ठशावरून शिवणीच्या टाक्यांसारखी एक बारीक रेघ गेली होती, रात्री फिरणाऱ्या भुंगेऱ्याची. म्हणजे आधी सिंह, मग भुंगेरा. आणि एका ठशाची कड अजून ताठ होती, पहाटेच्या वाऱ्यानं ढासळली नव्हती. म्हणजे तो उजाडताना परत येऊन गेला होता. मला ते दुसरं येणं कळलंही नव्हतं.

पाण्याच्या देशात सिंह तुमच्या न्हाणीकडे ढुंकून बघणार नाही. इथे कॅम्पची प्रत्येक गळकी तोटी म्हणजे पाणवठा. म्हणून बादल्या झाकतात, तोट्या पिळून बंद करतात, आणि उरलेलं पाणी दाराशी ओतू नका असं बजावतात. ते ऐका.

बादलीची आंघोळ म्हणजे कापडी किंवा पत्र्याची, साधारण वीस लिटरची बादली. तळाला झारी, वर कप्पी. तुम्ही वेळ सांगायची, माणूस गरम पाणी भरून ती वर ओढून देतो. अंग भिजवा, झारी बंद, साबण, मग परत सोडा. आपल्याकडे पाणीकपातीत वाढलेल्यांना हे शिकवावं लागत नाही, त्यात तीन लिटर उरतात. महागड्या कॅम्पात नळाचा शॉवर आणि फ्लशचं शौचालय तंबूलाच जोडलेलं असतं. तुम्ही कोणता कॅम्प घेतलाय ते लिहिलेलं नाही, पण बुकिंग करतानाच विचारा: संडास तंबूला लागून आहे की चालत जावं लागतं? साठीच्या माणसाला रात्री दोनदा उठावं लागतं, आणि बाहेर तर जायचं नाही. हा प्रश्न विचारायला लोक लाजतात आणि मग रात्रभर जागतात. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी खारट, साबणाला फेस कमी. प्यायचं पाणी कॅम्प वेगळं देतो.

वीज सौर. कॅमेरे, फोन चार्ज होतात, केस वाळवायचं यंत्र चालत नाही. फोनला रेंज नाही. मुलांना आधीच सांगून ठेवा की तीन दिवस फोन येणार नाही, नाहीतर परतताना माऊन या गावच्या विमानतळावर उतरल्यावर सत्तावन्न मिस्ड कॉल दिसतात.

यजमानांच्या स्टेंटबद्दल मी सगळ्यात गंभीर आहे. दोन वर्षं झाली, तब्येत ठणठणीत, म्हणजे जाता येणारच नाही असं नाही; ते त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी ठरवायचं. पण डॉक्टरांना ‘आफ्रिकेला चाललोय’ एवढंच सांगू नका. असं सांगा: सगळ्यात जवळची मोठी धावपट्टी लहान विमानानं पाऊण तासावर आहे, कॅम्पच्या मातीच्या पट्टीवर दिवे नाहीत, त्यामुळे रात्री काही झालं तर विमान उजाडल्यावरच येणार. संध्याकाळी सातला छातीत कळ आली तर सकाळी सहापर्यंत कॅम्पवरची प्रथमोपचाराची पेटी आणि रेडिओवरचा डॉक्टर, एवढंच. हे ऐकून डॉक्टर हो म्हणाले तर जरूर जा. विमा घेताना विमानानं हलवण्याचा खर्च त्यात आहे आणि जुना आजार वगळलेला नाही, या दोन ओळी स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. गोळ्यांचे दोन संच करा, एक त्यांच्या पिशवीत, एक तुमच्या.

प्रवासाचं. जोहान्सबर्गहून माऊन, माऊनहून सेस्ना, म्हणजे छोटं विमान. मुंबई ते माऊन शक्यतो एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे सामान थेट जातं. वेगळी तिकिटं घेऊन जोहान्सबर्गला सामान काढायला बाहेर पडायचं म्हटलं की दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा लागतो. वाटेत अदिस अबाबा किंवा नैरोबी असेल तर पीतज्वराची लस घेऊन पिवळं कार्ड, म्हणजे लसीचा दाखला, जवळ ठेवा. तिथल्या मुक्कामाच्या तासांवरून जाताना आणि येताना दोन्हीकडे विचारणा होऊ शकते. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. एक डोस आयुष्यभर चालतो. साठीच्या पुढच्यांना ती सरसकट देत नाहीत, म्हणून यजमानांचं डॉक्टरांशी हेही बोलून घ्या. हा प्रश्न वेळेवर सुटला नाही तर विमानाचा मार्गच बदलावा लागेल, तेव्हा तिकीट काढायच्या आधी. मलेरियाची भीती कलहारीत कमी, ओकावांगोत जास्त. गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारा.

सेस्नाला माणशी साधारण वीस किलो, हातातल्या पिशवीसकट, आणि बॅग मऊ हवी. चाकं आणि दांडा असलेली बॅग विमानाच्या पोटातल्या कप्प्यात शिरत नाही. माऊनला दरवेळी कोणीतरी जमिनीवर बसून सुटकेसमधलं सामान पोत्यात भरताना दिसतं. वजन शंभर किलोंच्या पुढे असेल तर आधी कळवा, हसण्यावारी नेऊ नका. विमान लहान असतं, तोल सांभाळायचा असतो.

जेवणाची मला काळजी वाटत नाही, फक्त सहा आठवडे आधी लेखी कळवा: मांस नाही, मासे नाहीत, अंडी चालतात की नाही, मांसाचं सूपही नको. कॅम्पचं सामान ट्रकनं येतं, आदल्या दिवशी सांगून पनीर उगवत नाही. आणि तुम्ही पास्ता-सॅलडच्या पुढे जा. स्वयंपाकघरातली माणसं स्वतःसाठी काय रांधतात ते विचारा. बोगोबे म्हणजे ज्वारीच्या पिठाची लापशी. ती आंबवली की टिंग, आणि टिंगचा पहिला घोट घेतल्यावर माझ्या गटातल्या लातूरच्या काकू म्हणाल्या, ‘अगं बाई, आंबील!’ चवळीच्या पाल्याची भाजीही असते, तिला मोरोगो म्हणतात. घरून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, थोडे लाडू न्या, फळं आणि ताजं दूधदुभतं नको. तंबूत खाऊ ठेवायचा नाही. तो कॅम्पच्या पेटीत द्यायचा. चिवड्याच्या वासानं काय काय येईल, सांगता येत नाही.

बहुतेक कॅम्प एका सकाळी सान लोकांबरोबर, म्हणजे कलहारीच्या मूळ रहिवाशांबरोबर, फेरफटका देतात. जा, पण तमाशा बघायला जातो तसं नको. कातडं नेसलेला जो माणूस काटक्या घासून आग पाडून दाखवतो, तो दुपारी टी-शर्ट घालून फुटबॉलच्या गप्पा मारतो. ज्ञान मात्र खरं आहे. वाळूत हातभर खणून काढलेला कंद काडीनं किसायचा, किसाचा गोळा मुठीत धरून अंगठ्यावरून धार तोंडात सोडायची. मी प्यायलेय, कडू लागतं. हे रिझर्व्ह 1961 साली केलं तेच या लोकांना आपल्या जागी राहता यावं हाही हेतू ठेवून. तरी 1997 आणि 2002 मध्ये सरकारनं त्यांना बाहेरच्या वसाहतींत हलवलं. 2006 मध्ये हायकोर्टानं 2002 चं हलवणं बेकायदा ठरवलं, आणि रिझर्व्हमधल्या आपल्या बोअरचं पाणी वापरायचा हक्क मिळायला 2011 उजाडलं. त्या बादलीखाली उभी राहते तेव्हा मला हे आठवतं. तुम्हीही विचारा त्यांना, गाइड भाषांतर करतो. बाईला ‘डुमेला म्मा’, पुरुषाला ‘डुमेला र्रा’ म्हणा, नमस्कार होतो. त्यांच्या चलनाचं नाव पुला, आणि पुला म्हणजे पाऊस.

जेवण झाल्यावर, सोबतीचा माणूस असताना, दहा मिनिटं वर बघा. मार्चअखेरीस मृग नक्षत्र वायव्येला, डोकं खाली पाय वर. व्याध जवळपास माथ्यावर. आपल्याकडे दक्षिण क्षितिजाशी रेंगाळणारा अगस्त्य तिथे आभाळात चांगला उंच चढलेला असतो, आणि आग्नेयेला त्रिशंकू.

राहिलं पादत्राणांचं. बूट सकाळी झटकून घाला, विंचू असतात. जाड शेपटीचे आणि बारीक नांग्यांचे ते जास्त विषारी. आणि चपला रात्री तंबूबाहेर काढून ठेवायची आपली घरची सवय तिथे सोडा. आमच्यातल्या एका काकांनी नव्याकोऱ्या कोल्हापुरी ओट्यावर नीट जोडीनं काढून ठेवल्या होत्या. सकाळी गाइडनं कोल्ह्याचा माग काढला. एक चप्पल अर्ध्या किलोमीटरवर झुडपाखाली सापडली, अंगठा पार चावून खाल्लेला. दुसरी अजून कलहारीतच आहे.